ट्रॅक्टरची निगा व दोषपरीक्षा

ज्या घरीं बैलजोडी आहे त्या घरांत बैलाचें वैरणपाणी, नाल, वेसण आणि दुखणें यांचें ज्ञान लहान मुलांसही असतें. बैलानें वैरण सोडली कीं त्यास कांहीं तरी झालें आहे, हें कोणी सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या घरांत अनेक बैलजोड्यांच्या किंमतीचा ट्रॅक्टर उभा आहे, तेथें त्या यंत्राच्या दुखण्याची भाषा जाणणारा मनुष्य क्वचितच आढळतो. यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवींत, कर्जाच्या कागदांसह, कपाटांत पडून असते. यंत्र बंद पडलें म्हणजे मिस्त्रीस निरोप जातो, आणि मिस्त्री येईपर्यंत वाफसा निघून जातो.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ व वसमत या पांचही तालुक्यांत जमीन बव्हंशीं काळी असून सोयाबीन, कापूस व तूर हीं पिकें मुख्यतः पावसावर येतात. वसमतेकडे हळद मोठी. काळ्या रानांत पेरणीचा अवधि फार थोडा. ओल अधिक असतां चाक रुततें व माती फणास चिकटते. ओल उडाल्यावर बियाणें साथ देत नाहीं. या दोहोंमधील जे थोडे दिवस, त्यांतच सर्व शिवार पेरावें लागतें. त्याच दिवसांत गांवोगांवचे ट्रॅक्टर एकदम कामास लागतात, आणि म्हणून त्याच दिवसांत मिस्त्रीही सर्वांस एकदम हवा असतो. अर्ध्या तासाच्या कामासाठीं तीन दिवस वाट पाहावी लागते ती यामुळें. हें नुकसान दुरुस्तीच्या बिलांत कोठेंच दिसत नाहीं. तें खळ्यावर दिसतें.

प्रत्येक शेतकऱ्यानें मिस्त्री व्हावें असें आमचें म्हणणें नाहीं. पुस्तिका वाचून नित्याची निगा घरीं करावी, साधा दोष स्वतः ओळखावा, आणि जो दोष आपल्या हातचा नाहीं तोही मिस्त्रीस नीट शब्दांत सांगतां यावा, इतकाच या लेखाचा उद्देश आहे.

१. तीन पुस्तकें

ट्रॅक्टरसंबंधीं तीन निरनिराळीं पुस्तकें असतात व त्यांची गल्लत होऊं देऊं नये. पहिलें, चालकाची पुस्तिका. ही यंत्राबरोबर मिळते. चालविणें, निगा व साधे दोष यांची माहिती तींत असते. दुसरें, दुरुस्तीचें पुस्तक. तें मिस्त्रीसाठीं असून कोणता भाग कोणत्या क्रमानें सोडावा, कोणता बोल्ट किती जोरानें आवळावा, कोठें किती फट ठेवावी, हें त्यांत दिलेलें असतें. तिसरें, सुट्या भागांची यादी. तींत प्रत्येक भागाचें चित्र व क्रमांक असतो. पहिलें पुस्तक घरांत असलेंच पाहिजे. हरवलें असल्यास विक्रेत्याकडून दुसरें मागवावें. तिसऱ्यांतील क्रमांक सांगून सुटा भाग मागितला असतां "तसाच दिसतो" म्हणून भलताच भाग गळ्यांत पडत नाहीं.

पुस्तिका आपल्याच नमुन्याची आहे ना, हें आधीं पाहावें. एकाच नांवाच्या ट्रॅक्टरचे अनेक नमुने असतात आणि काळानुसार त्यांत फेरफार होतात. मुंबईस १९६३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीच्या बी-२७५ या जुन्या ट्रॅक्टरास लागू असलेलें माप आजच्या यंत्रास लावणें म्हणजे आजोबांच्या अंगरख्याच्या मापानें नातवाचा सदरा शिवणें होय. इंजिन व चासी यांचे क्रमांक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

पुस्तिका इंग्रजी वा हिंदी असली म्हणून भिण्याचें कारण नाहीं. घरांतील शिकणाऱ्या मुलास वा मुलीस जवळ बसवून प्रत्येक चित्रांतील भागास आपल्या बोलण्यांतलें नांव पेन्सिलीनें लिहावें. प्रथम सुरक्षेचें प्रकरण वाचावें, नंतर तेल-पाण्याच्या मापांचें कोष्टक, नंतर निगेचें कोष्टक, आणि शेवटीं दोषांचें कोष्टक. निगेच्या कोष्टकाची प्रत काढून ट्रॅक्टर उभा राहतो त्या छपरींत लावावी.

मापांसंबंधीं एक सूचना. बोल्ट आवळण्याचा जोर कांहीं पुस्तकांत किलोग्रॅम-मीटरमध्यें, तर कांहींत न्यूटन-मीटरमध्यें देतात. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकास १ किलोग्रॅम वजन टांगिलें असतां जो जोर पडतो तो १ किलोग्रॅम-मीटर. तो सुमारें ९.८ न्यूटन-मीटरबरोबर आहे. हा भेद न पाहिल्यास बोल्ट दहापट सैल राहील किंवा तुटून हातांत येईल. तसेंच टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरास १ किलोग्रॅम म्हणजे दर चौरस इंचास सुमारें १४ पौंड समजावा.

२. तासांचा हिशेब

मोटारीची निगा मैलांवर, तर ट्रॅक्टरची तासांवर ठरते. कारण ट्रॅक्टर एकाच जागीं उभा राहून दिवसभर मळणीयंत्र चालवितो, तेव्हां चाक एक हातही पुढें जात नाहीं, पण इंजिन मात्र झिजत असतें. यासाठीं तासमापक लावलेला असतो. जुन्या पद्धतीचा तासमापक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. म्हणून इंजिन मंद चालत असतां घड्याळाचा एक तास भरला तरी मापकावर तितका भरत नाहीं. निगा मापकावरील तासांनीं करावी.

पुस्तिकेंत बहुधा दर १० तासांनीं म्हणजे रोजची, मग ५०, २५०, ५०० व १००० तासांची अशीं कामें वांटून दिलेलीं असतात. आंकडे नमुन्यागणिक बदलतात. आपल्या पुस्तिकेंत असतील तेच खरे. नव्या ट्रॅक्टरचें पहिलें तेल मात्र ठरल्याहून पुष्कळ लवकर बदलावयाचें असतें, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसतांना धातूचा बारीक कीस तेलांत उतरतो.

उदाहरण घेऊं. पुस्तिकेंत इंजिनाचें तेल २५० तासांनीं बदलण्यास सांगितलें आहे आणि मृगाच्या आरंभीं मागील तेलास १०० तास झाले आहेत. म्हणजे शिल्लक १५० तास. पेरणींत रोज ८ तास काम धरिलें तर १९ व्या दिवशीं, म्हणजे ऐन घाईंत, तेलाची मुदत संपेल. त्या दिवशीं कोणीही ट्रॅक्टर उभा करीत नाहीं. तेल तसेंच पुढें ढकललें जातें. शहाण्यानें हा हिशेब रोहिणींतच मांडावा आणि मुदत पूर्ण झाली नसली तरी तेल व फिल्टर बदलून मृगास सामोरें जावें. हीच तजवीज सोयाबीनच्या मळणीपूर्वीं एकदां आणि रब्बी संपल्यावर एकदां करावी.

३. रोजची पाहणी

सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं दहा मिनिटें पुढील चार गोष्टींस द्यावीं.

तेल. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा असतां तेलमापाची दांडी काढून पुसावी, पुन्हां घालून काढावी व दोन खुणांच्या मध्यें तेल आहे ना हें पाहावें. तेल कमी होणें वाईट, तसेंच न घालतां तेल वाढलेलें दिसणें अधिक वाईट. कारण आंत पाणी किंवा डिझेल झिरपत आहे. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर इंजिन सुरूच करूं नये. चालू असतां तेलदाबाचा दिवा लागला किंवा कांटा खालीं आला तर इंजिन तत्काळ थांबवावें. "हें तास संपवून पाहूं" म्हणण्यांत क्रँक जातो.

पाणी. रेडिएटरचें झांकण इंजिन थंड असतांनाच उघडावें. विंधणविहिरीचें जड पाणी वारंवार घातल्यानें आंत चुन्याचा थर बसतो, जसा घरच्या पाणी तापविण्याच्या भांड्यास बसतो. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेलें शीतकद्रव्य वापरावें. तें नसल्यास तात्पुरतें स्वच्छ मऊ पाणी घालावें. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळींत भुसकट अडकतें. तें दिवसांतून दोन-तीन वेळां इंजिन थांबवून झटकावें.

हवा. इंजिन डिझेलपेक्षां कितीतरी अधिक आकारमानाची हवा पितें, आणि आपल्याकडे वैशाखांत कोरड्या काळ्या रानांत रोटाव्हेटर फिरतो तेव्हां त्या हवेंत किती धूळ असते हें चालकाच्या भुंवयांवरून दिसतें. ती धूळ आंत गेली तर सिलिंडर व रिंगा यांवर कानशीसारखें काम करते. तेलाच्या पेल्याचा फिल्टर असेल तर पेला काढून गाळ धुवावा व तेल खुणेपर्यंतच भरावें. खुणेवर भरलेलें तेल इंजिन ओढून घेऊं शकतें व मग तें आवरत नाहीं. कोरड्या कागदाचा फिल्टर जमिनीवर आपटूं नये, पाण्यानें धुऊं नये. पुस्तिकेची परवानगी असल्यास हलक्या दाबाची हवा आंतून बाहेर मारावी. बाहेरून आंत मारली असतां धूळ कागदांत अधिक रुतते. आंतील लहान फिल्टर असेल तर तो साफ करूं नये, बदलावा.

डिझेल. टाकी संध्याकाळीं काम संपल्यावर भरावी. अर्धी टाकी रात्रभर ठेवली असतां आंतल्या हवेंतील ओलावा गार पत्र्यावर थेंबांनीं जमतो व पाणी डिझेलांत उतरतें. सकाळीं गाळपेल्याच्या तळचा स्क्रू सैल करून सांचलेलें पाणी सोडून द्यावें. पिंपांत डिझेल ठेवणाऱ्यांनीं पिंप थोडें कलतें ठेवून एक दिवस न हलवितां वरचें डिझेल घ्यावें, तळाचें घेऊं नये. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यांत डिझेल सांठवूं नये.

याशिवाय चाकांचे नट, टायरची हवा, गळती व ग्रीसचीं ठिकाणें पाहावीं. चिखलांत काम झालें असेल त्या दिवशीं ग्रीस अवश्य भरावें, म्हणजे सांध्यांत शिरलेली माती बाहेर ढकलली जाते. ग्रीस भरण्यापूर्वीं निपल पुसावें. नाहीं तर ग्रीसबरोबर तीच माती आंत जाते.

४. दोष शोधण्याची रीत

रेड्यास रोग आणि पखालीस औषध, असा प्रकार ट्रॅक्टरच्या बाबतींत फार होतो. कारण दोष दिसण्याचें ठिकाण एक असतें आणि दोषाचें मूळ दुसरीकडे असतें. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहावीं. नेमकें काय होतें? केव्हां होतें, म्हणजे थंड असतां कीं तापल्यावर, मोकळें असतां कीं भारांत? हें होऊं लागण्यापूर्वीं यंत्रावर कोणतें काम केलें होतें किंवा कोणता भाग बदलला होता? आणि पुस्तिकेच्या दोषकोष्टकांत या लक्षणापुढें कोणतीं कारणें दिलीं आहेत?

मग तीन नियम पाळावे. पहिला, जें कारण बाहेरून पाहतां येतें व ज्यास खर्च नाहीं तें प्रथम तपासावें. दुसरा, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष गेला तरी तो कशानें गेला हें कळत नाहीं, आणि तो परत आला म्हणजे पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. तिसरा, सोडलेले भाग स्वच्छ कापडावर सोडल्या क्रमानें मांडावे.

पहिलें उदाहरण. इंजिन सकाळीं चांगलें सुरू होतें, पंधरा-वीस मिनिटें चालतें, मग दम कोंडल्यासारखें होऊन बंद पडतें. अर्धा तास थांबलें कीं पुन्हां चालतें. या लक्षणावर डिझेल पंप उघडण्याचा सल्ला देणारे आम्हीं पाहिले आहेत. पण पंपच बिघडला असता तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीनें तो बहुधा बरा झाला नसता. विश्रांतीनें काय बदलतें, याचा विचार करावा. टाकीच्या झांकणास हवा आंत येण्यासाठीं बारीक छिद्र असतें. तें मातीनें बुजलें असतां डिझेल कमी होईल तशी टाकींत पोकळी होते व डिझेल खालीं उतरेनासें होतें. यंत्र थांबल्यावर हवा हळूहळू शिरते आणि डिझेल पुन्हां वाहूं लागतें. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद पडतांच झांकण सैल करावें. हवा आंत ओढल्याचा आवाज झाला व इंजिन पुन्हां नीट चालूं लागलें तर दोष सांपडला. छिद्र बारीक तारेनें मोकळें करावें, खर्च कांहीं नाहीं. तसें न झाल्यास पुढें क्रमानें गाळपेला, नळ्यांचे सांधे, फिल्टर, आणि शेवटीं डिझेल ओढणारा लहान पंप अशी तपासणी करावी. टाकीपासून इंजिनाकडे जावें, उलट नव्हे.

या वाटेवर कोठेंही सांधा उघडला किंवा टाकी पार रिकामी झाली तर इंजिन "एअर घेतें", म्हणजे डिझेलच्या वाटेंत हवेचे बुडबुडे अडकतात व इंजिन सुरू होत नाहीं. मग नुसता सेल्फ मारीत बसून बॅटरी उतरवूं नये. जुन्या पद्धतीच्या पंपाची एअर अशी काढावी. टाकींत डिझेल भरून कॉक उघडावा. पहिल्या फिल्टरवरील स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारीत राहावें. प्रथम फेस येईल, मग बुडबुड्यांवांचून धार येईल. धार येत असतांनाच स्क्रू आवळावा. मग दुसऱ्या फिल्टरवर, मग मोठ्या पंपावर तेंच करावें. इतक्यानें इंजिन बहुधा सुरू होतें. सांडलेलें डिझेल पुसून घ्यावें.

येथें एक भेद लक्षांत ठेवावा. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले व अशा अनेक यंत्रांत कॉमन रेल पद्धत आली. तींत डिझेलचा दाब जुन्या यंत्रांहून कित्येक पट असतो आणि बरेंच नियंत्रण विजेच्या साधनांनीं होतें. अशा यंत्राच्या दाबाच्या नळ्या घरीं कधींही सैल करूं नयेत. पाणी काढणें, फिल्टर बदलणें व पुस्तिकेंत दिलेली एअर काढण्याची रीत, एवढेंच करावें. दोषाचा दिवा लागल्यास त्याचें चित्र व सांकेतिक क्रमांक टिपून ठेवावा. मिस्त्रीस तोच उपयोगीं पडतो.

दुसरें उदाहरण. किल्ली फिरविली तरी सेल्फ फिरत नाहीं. पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदीं मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल वा गंजलेले आहेत. दिवे तसेच तेजस्वी राहिले व कांहींच आवाज झाला नाहीं, तर वीज सेल्फपर्यंत पोंचतच नाहीं. गिअर न्यूट्रलमध्यें आहे काय, क्लच पूर्ण दाबला आहे काय हें प्रथम पाहावें, कारण कित्येक ट्रॅक्टरांत त्यावांचून सेल्फ फिरूं न देण्याची योजना असते. टर्मिनल साफ करतांना ऋण बाजूची तार प्रथम काढावी व शेवटीं लावावी. द्रवाची बॅटरी असल्यास शुद्ध पाणीच घालावें. पूर्ण भारित द्रवाची घनता १.२६ च्या आसपास असते.

५. धुराची भाषा

धुराड्यांतून निघणारा धूर हा यंत्राची नाडी होय. भारांत काळा दाट धूर म्हणजे डिझेलच्या मानानें हवा अपुरी, किंवा भार शक्तीबाहेरचा. अशा वेळीं आधीं हवेचा फिल्टर पाहावा. मग रोटाव्हेटरची खोली, त्याचीं पातीं व गिअर पाहावे. बोथट पात्यांचा रोटाव्हेटर चांगल्या इंजिनासही काळा धूर ओकावयास लावतो. फिल्टर काढून ठेवून "फरक पाहण्यासाठीं" शेतांत ट्रॅक्टर चालविणें हा प्रयोग कोणींही करूं नये. हें सर्व ठीक असूनही धूर राहिला तर नोझलची परीक्षा मिस्त्रीकडून करवावी.

निळसर धूर म्हणजे इंजिनाचें तेल जळत आहे. तेल खुणेवर भरलें आहे काय पाहावें. तसें नसेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची झीज समजावी. पांढरा धूर थंड सकाळीं सुरवातीस थोडा वेळ आला तर चिंता नाहीं. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरांत पाणी जात आहे. रेडिएटरमधील पाणी रोज कमी होत असेल व बाहेर गळती दिसत नसेल, तर दुसरी शंका बळावते.

इंजिन तापूं लागलें तर भार काढून कांहीं वेळ मंद चालवावें, मग थांबवावें. पंख्याचा पट्टा सैल वा तुटका आहे काय, जाळी भुसकटानें भरली आहे काय हें पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. आंतील वाफ तोंडावर येते. तापलेल्या कोरड्या इंजिनांत गार पाणी ओतूं नये. ओतीव लोखंड तडकतें.

६. हात कोठें आवरावा

डिझेल पंपाची मोहर, नोझलचा दाब, गिअरपेटी, लिफ्टचा झडपेचा भाग, हीं कामें घरचीं नव्हत. त्यांस विशेष साधनें लागतात, आणि हमीच्या मुदतींत तीं उघडल्यास हमीचा हक्क धोक्यांत येतो. लिफ्ट औजार उचलीत नसेल तर तेलाची पातळी, गाळणी व दांड्याची जागा एवढें पाहून थांबावें.

यापेक्षां महत्त्वाच्या गोष्टी मनुष्याच्या जिवाच्या आहेत. उचललेल्या औजाराखालीं शिरूं नये. औजार जमिनीवर टेकवूनच हात घालावा. डिझेलच्या दाबाच्या नळीची गळती बोटानें शोधूं नये. जुन्या यंत्रांतही नोझलजवळचा दाब दर चौरस सेंटीमीटरास शंभर किलोग्रॅमहून पुष्कळ अधिक असतो व अदृश्य धार कातडींतून आंत शिरते. जखम सुईच्या टोंकाएवढी दिसली तरी त्याच क्षणीं दवाखान्यांत जावें. पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. पदर, उपरणें किंवा सैल बाही अडकली तर हात मागें घेण्यास वेळ उरत नाहीं. त्यावरील आवरण काढून मळणी करूं नये, आणि इंजिन बंद केल्यावांचून त्याच्या जवळ जाऊं नये.

ब्रेकसंबंधीं. शेतांत वळण्यासाठीं डावा व उजवा ब्रेक निराळा दाबतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं दोन्ही पायदांड्या कडीनें जोडल्याच पाहिजेत. दोहोंची मोकळी चाल सारखी असावी. नसेल तर भरधाव ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो. ४ एप्रिल २०२५ रोजीं वसमत तालुक्यांतील गुंज येथील मजूर स्त्रिया हळदीच्या कामास जात असतां त्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह नांदेड जिल्ह्यांतील आलेगांव शिवारांत विहिरींत कोसळला व सात स्त्रिया मृत्यु पावल्या. त्या घटनेच्या कारणाची चिकित्सा करणें हें या लेखाचें काम नाहीं. परंतु ट्रॉली हें मालाचें साधन आहे, माणसांचें वाहन नव्हे, हें पुस्तिकेच्या सुरक्षेच्या प्रकरणांत छापलेलें असतें. आणि तेंच प्रकरण आपण सर्वांत आधीं उलटून टाकतों. ज्यांच्या हातानें आपली हळद निघते त्यांच्यासाठीं तरी तें वाचलें पाहिजे.

७. यंत्राची नोंदवही

आमची नोकरी महसुली दप्तरांत गेली. त्या कामानें एक गोष्ट पटविली ती ही कीं, जें लिहून ठेविलें नाहीं तें शेवटीं झालेंच नाहीं असें ठरतें. फेरफाराची नोंद नसेल तर जमिनीचा उतारा जसा अपुरा, तसाच नोंदींवांचून ट्रॅक्टरचा इतिहास अपुरा. शंभर पानांची एक वही घालावी व पुढील रकाने आंखावे: तारीख, तासमापकाचा आंकडा, काम, डिझेल लिटर, घातलेलें तेल, आढळलेलें लक्षण, केलेला उपाय, बदललेल्या भागाचा क्रमांक व बिल.

या वहीचा उपयोग केवळ हिशेबाचा नाहीं. ती दोष बोलून दाखविते. समजा, टाकी कांठोकांठ भरली तेव्हां मापकावर ४१२ तास होते. ४३६ तासांवर पुन्हां कांठोकांठ भरण्यास ८४ लिटर लागलें. २४ तासांस ८४ लिटर, म्हणजे तासास साडेतीन. पुढील महिन्यांत त्याच रानांत, त्याच औजारानें, तासास ४.२ लिटर लागूं लागलें. यंत्र चालतच आहे, कोणाची तक्रार नाहीं. तरी डिझेल पांचव्या हिश्शानें वाढलें. हवेचा फिल्टर, टायरची हवा, पातीं व नोझल पाहण्याची वेळ आली हें वहीनें बंद पडण्याच्या आधींच सांगितलें. तसेंच दर पन्नास तासांस तेल किती घालावें लागतें याची नोंद असेल तर रिंगांची झीज केव्हां आरंभली हें कळतें. मिस्त्री बदलला तरी वही बदलत नाहीं, आणि ट्रॅक्टर विकतांना अशी वही पाहणारा ग्राहक चार पैसे अधिक देण्यास मागेंपुढें पाहत नाहीं.

८. वाचकांसाठीं अभ्यास

पुढील प्रश्नांचीं उत्तरें आपापल्या पुस्तिकेंतून शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहावीं.

(१) इंजिनांत तेल कोणत्या दर्जाचें व किती लिटर मावतें?
(२) तेल व तेलाचा फिल्टर किती तासांनीं बदलावयाचा?
(३) डिझेल फिल्टर किती, आणि एअर काढण्याचे स्क्रू कोठें आहेत?
(४) शेतांत व रस्त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरांत हवेचा दाब किती असावा?
(५) क्लच व ब्रेक यांची मोकळी चाल किती?
(६) पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबला असतां किती दबावा?
(७) आपल्या हवेच्या फिल्टरास धुण्याची, फुंकण्याची कीं केवळ बदलण्याची परवानगी आहे?

हीं सात उत्तरें ज्याच्या वहींत आहेत त्याची निम्मी कामें झालीं असें समजावें. यासाठीं लागणारीं साधनें थोडीं आहेत: पान्यांचा एक संच, हवेचा दाब पाहण्याचें माप, ग्रीसची पिचकारी, एक डिझेल फिल्टर, एक पट्टा व तांब्याचे चार वायसर. हीं पेरणीपूर्वीं घरांत आणून ठेवावीं. आपल्या अनुभवांत जीं लक्षणें येतील व जे उपाय लागू पडतील, ते तासांच्या आंकड्यांसह वाचकांनीं या मासिकाकडे लिहून पाठवावे. एका गांवचें लिहिलेलें दुसऱ्या गांवाच्या पेरणीस उपयोगीं पडेल.